परसबागेची ५० किट वाटली, ४ घरी टिकली. दिवाळीनंतर परत सुरू करायचंय, काय चुकलं ते सांगा

मुरबाडकर_कोपरखैरणे
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा. मी राहतो कोपरखैरण्याला, गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्याला टोकावड्याच्या आतल्या अंगाला. आईवडील गावीच असतात त्यामुळे एक शनिवार सोडून एक शनिवार माझी कल्याणवरून एसटी ठरलेली. तर झालं असं की मागच्या वर्षी एका संस्थेकडून मी परसबागेची ५० किट मिळवली, त्यात पालक, मेथी, टोमॅटो, गाजर, कोबी, ढोबळी मिरची असं बियाणं, एक गांडूळखताची पिशवी आणि एक रंगीत माहितीपत्रक. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला वाटप केलं, फोटो काढले, मी पण माईकवर अर्धा तास बोललो, रासायनिक खत किती वाईट, विषमुक्त भाजी, पोरांचं आरोग्य वगैरे वगैरे. जीवामृत कसं करायचं ते पण करून दाखवलं ड्रममध्ये. सगळ्या बायका हसत होत्या, मला वाटलं मजा येतेय त्यांना. नंतर आईनं सांगितलं की त्या म्हणत होत्या गूळ आणि बेसन पोरांच्या तोंडात घालायचं सोडून हा शेणात कालवतोय.

मार्चमध्ये बघितलं तर निम्म्या ठिकाणी उगवलंच नव्हतं, जिथं उगवलं तिथं कोंबड्यांनी उकरलं, आणि एप्रिलमध्ये गुरं सुटल्यावर तर विषयच संपला. मे महिन्यात ४ घरी काहीतरी हिरवं होतं, त्यातलं एक घर आमचंच. आणि ते पण आई रोज विहिरीवरून दोन हंडे जास्तीचे आणायची म्हणून. हे कळल्यावर मला लाज वाटली खरं सांगतो.

आता भातं कापायला आलीत, दिवाळीनंतर परत सुरू करायचा विचार आहे. दुसरं म्हणजे भातशेतीत पण काही करता येईल का, आमच्याकडं अजून राब भाजतात, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागी फांद्या पालापाचोळा पसरून जाळतात, त्यासाठी ऐनाची झाडं नुसती बोडकी करून टाकतात, आणि वरून युरिया. लोकांना सांगायला गेलं की म्हणतात तू नवी मुंबईत राहून आम्हाला शेती शिकवणार का. बरोबरच आहे त्यांचं. कुणी असं काम प्रत्यक्ष गावात केलंय का? नुसत्या लिंक देऊ नका प्लीज, यूट्यूब सगळं बघून झालंय.

शहापूरचा_भातवाला
दादा राग मानू नका पण जानेवारीत बियाणं वाटलंत तिथंच खेळ संपला होता. आपल्याकडं परसातलं बी मिरगाच्या आधी टाकतात, पहिला पाऊस पडला की काकडी, दोडका, पडवळ, कारली, भोपळा, भेंडी सगळं आपोआप वर येतं, कुणाला किट द्यावं लागत नाय. तुमच्या आईला विचारा, चुलीच्या वरती गाडग्यात नायतर वाळलेल्या दुधीत राखेत घोळून बी ठेवलेलं असेल. कोबी न ढोबळी मिरची कुणाला खायचीय हो तिकडं.

खरा घोळ दोन गोष्टींचा, गुरं आणि पाणी. भात निघालं, वाल निघाला की गुरं मोकाट सोडायची ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत हाय, तेव्हा रानात काय नसतंच म्हणून कुणी राखत नाय. आता तुम्ही एकट्यानं त्यात हिरवं केलं तर सगळ्या गावची गुरं तुमच्याच दारात. गुराची काय चूक. म्हणून एक तर वई, म्हणजे कुंपण पाहिजे नायतर ग्रामसभेत ठरवून गुरं बांधायला पाहिजेत, आणि बांधायची म्हटलं की वैरण आली, पाणी पाजायला माणूस आला. आमच्या पाड्यात दोन वर्षं ठरलं, दोन्ही वर्षं होळीपर्यंत टिकलं, होळीनंतर पुन्हा सोडली. तरी होळीपर्यंत टिकलं हे पण काय कमी नाय, तेवढ्यात वाल, हरभरा, मूग निघून जातो.

वईसाठी तारेच्या नादाला लागू नका, परवडत नाय आणि चोरीला जाते. कारवीचा कुड घाला, एकदोन वर्षं जातो, आणि त्याच्याच आतून मोगली एरंड न निरगुडीच्या फांद्या खोचून द्या पावसाच्या तोंडाला. दोन्हीला गुरं तोंड लावत नायत. फक्त मोगली एरंडाच्या बिया पोरांनी खाल्ल्या तर उलट्या जुलाब सुरू होतात, शेंगदाण्यासारखं लागतं म्हणून खातात, तेवढं पोरांना दटावून ठेवा. अंगणवाडीच्या बाजूला तर लावूच नका.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर, मुंबईची निम्म्याहून जास्त तहान आमच्या डोंगरातून भागते आणि एप्रिलमध्ये आमच्याच पाड्यावर टँकर येतो. तेव्हा बाईला हंडाभर पाणी वांग्याला घाल म्हणून सांगायला मला तरी तोंड नाय.

ठाणे_पश्चिम_गच्ची
"गूळ आणि बेसन पोरांच्या तोंडात" 😂😂 आमच्या सोसायटीत याच विषयावर मीटिंग झाली होती, फरक एवढाच की तिथं वासावरून भांडण झालं.

सही_रे_सही_७२
सगळं ठीक आहे हो पण ज्यांच्या जमिनी शिल्लक आहेत त्यांनाच हे जमणार. अर्धा तालुका फार्महाऊसवाल्यांना विकून झालाय, पोरं एमआयडीसीत नाहीतर भिवंडीच्या गोदामात. परसबाग करणार कोण, म्हातारी माणसं?

निवृत्त_कृषी_सहाय्यक
या क्षेत्रात ३० वर्षं काढली म्हणून लिहितो. भातवाल्यांनी वईचं आणि मोसमाचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, त्यात मी काही भर घालत नाही. भाताबद्दल बोलतो.

राब भाजू नका असं नुसतं सांगून काही होत नाही कारण शेतकरी वेडा म्हणून भाजत नाही. राबानं रोपवाटिकेतलं तणाचं बी जळतं, राख मिळते, माती मोकळी होते आणि रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. एवढे फायदे असताना तुम्ही त्याच्या जागी काय देणार ते आधी दाखवायला पाहिजे. चारसूत्री भात लागवड ऐकली असेल, आपल्या राज्यात ती नारायण सावंत यांनी मांडली. पहिलं सूत्र, भाताचा तूस जाळून काळी राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढा शेतात कुजवायचा. गिरणीत तूस पडलेला असतो, ऐन तोडायची गरज नाही. दुसरं सूत्र गिरीपुष्प, ज्याला आपल्याकडं उंदीरमारी म्हणतात. बांधावर लावायची, चिखलणीच्या आठ दहा दिवस आधी फांद्या तोडून शेतात पसरायच्या, पाला आपोआप गळून पडतो, काड्या उचलून घरी न्यायच्या, त्या चुलीला होतात. गुंठ्याला ३० किलोच्या आसपास ताजा पाला लागतो. बायकांना हे पटतं ते पाल्यामुळं नाही, काड्यांमुळं, हा माझा अनुभव. तिसरं सूत्र दोरीवर नियंत्रित लावणी, एका चुडात, म्हणजे एका ठिकाणी, दोन तीनच रोपं. चौथं युरिया डीएपी खतांच्या गोळ्या, चार चुडांच्या मधोमध एक गोळी साधारण २.७ ग्रॅमची हातानं खोल खोचायची.

आता तुम्ही म्हणाल शेवटी युरिया आलाच की. आला. पण फेकलेल्या युरियाचा मोठा भाग पाण्याबरोबर वाहून जातो नाहीतर हवेत उडतो, आपल्या कोकणातल्या पावसात तर जास्तच, आणि गोळी मुळाजवळ राहते म्हणून कमी लागतो. युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळत असताना एका वर्षात शून्यावर या असं सांगणारा माणूस शेतकऱ्याला खोटाच वाटणार. अर्ध्यावर या म्हणा, येतील.

एक फुकटातली गोष्ट यंदाच करा. बियाणं टाकायच्या आधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात भाताचं बी ओतायचं, तरंगेल ते पोचट काढून टाकायचं, तळाचं दोनतीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. हे एकदा बांधावर उभं राहून करून दाखवलंत तर तुमच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा बरं. पोचट दाणा तरंगताना बघितला की माणूस गप्प होतो, कारण तो दाणा त्यानं पैसे देऊन घेतलेला असतो.

नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांची भाताची सगुणा पद्धत पण बघायला जा, कर्जत तुम्हाला नवी मुंबईतून जवळ. तिच्यात गादीवाफे एकदाच करायचे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची, गांडुळं भरपूर होतात. मजूर मिळत नाही त्यांना ती आवडते. तणनाशक वापरावं लागतं म्हणून सेंद्रियवाले नाकं मुरडतात, तो वाद तुमच्या गावात नेऊ नका.

मुरबाडकर_कोपरखैरणे
साहेब मिठाच्या पाण्याचं नक्की करतो, वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले हे तर आजोबा करायचे, त्यात अंडं टाकून बघायचे तरंगतं का. मग बंद का केलं विचारलं तर म्हणाले दुकानातलं बियाणं यायला लागलं, पिशवीवर लिहिलेलं असतं म्हणून.

सही रे सही, म्हातारी माणसंच करणार हो, माझी आई ६६ ची आहे, तिच्याएवढं काम माझ्यानं होत नाही.

उमेदवाली_ताई
मी बचत गटाचं काम बघते, अंबरनाथ तालुक्याच्या ग्रामीण भागात, उमेदमधून, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून. दादा तुमचं वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं कारण आम्ही पण पहिल्या वर्षी अगदी हेच केलंय, फक्त किटच्या जागी रोपं होती.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून सांगते. तुमच्या ५० घरांमधली वीटभट्टीवर जाणारी किती? आमच्याकडं कातकरी वाडीतली घरंच्या घरं दिवाळी झाली की भट्टीवर जातात, पोराबाळांसकट, ती परत येणार पावसाच्या तोंडावर. त्यांना तुम्ही दिवाळीनंतर बी देऊन काय उपयोग, दाराला काडी लावून गेलेली असतात. आणि खरी गरज त्याच घरांना आहे ना. म्हणून आम्ही मग वेगळं केलं, त्या घरांसाठी माणूस नसताना जगतील अशीच झाडं. शेवग्याची फांदी, पपई, कढीपत्ता आणि कंद, म्हणजे सुरण, करांदे, कोनफळ, हळद. कंदाचं बरं असतं, वरची पानं वाळून गेली तरी आत जमिनीत जिवंत राहतो, गुराला दिसत नाही, पाणी लागत नाही, पाऊस पडला की आपोआप फुटतो. रानडुक्कर मात्र सोडत नाही, वाडी जंगलाला लागून असेल तर घराच्या अगदी भिंतीजवळ लावा. शेवगा पहिली दोन वर्षं सांभाळावा लागतो, शेळ्या साल खातात, बुंध्याला काटे बांधायचे.

ज्या बाया गावातच राहतात त्यांच्यासाठी मोरीचं पाणी. नवीन हंडा मागायचाच नाही. आंघोळीचं भांड्याचं पाणी वाहून जातंच, दारात चिखल न डास, त्याला चर खणून आधी खडी वाळूच्या खड्ड्यातून काढायचं आणि पुढं केळी, अळू, कर्दळ. साबणाच्या पाण्यावर पालक मेथी करू नका, अळू न केळीला मात्र चालतं. आमच्या एका गटातल्या ताईंनी श्रावणात अळूच्या जुड्या आणि केळीची पानं विकूनच चांगले पैसे केले, बदलापूर स्टेशनबाहेर बसून. ते बघून मग बाकीच्यांनी केलं. मी सांगून कुणीही केलेलं नाही, लिहून ठेवा.

उन्हाळ्यात थोडं हिरवं हवंच असेल तर मडकं पुरा. बिनरंगाचं साधं मातीचं मडकं तोंडापर्यंत जमिनीत पुरायचं, भोवती चवळी नाहीतर दुधीचे चार वेल, मडक्यात पाणी भरून वर झाकण. पाणी झिरपत राहतं तेवढंच मुळाला, वरून ओतलेल्या पाण्यासारखं वाफ होऊन जात नाही. जुनं मडकं चालतं, फक्त तडा गेलेलं नको.

आणि बेसनावरून हसल्या त्या बायांना मी दोष देत नाही 🙂 जीवामृत २०० लिटरला २ किलो गूळ २ किलो बेसन असं असतं ते एकराचं माप आहे, ओट्याएवढ्या परसाला कुठं लागतंय. किड लागलेले वाल भरडून घ्या, चिकट झालेला काळा गूळ घ्या, २० लिटरच्या बादलीत किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, गूळ पीठ पावपाव किलोला जरा कमीच, बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीनं ढवळा, तीनेक दिवसांनी दहापट पाणी घालून बुंध्याशी. आणि तेही नको वाटलं तर शेणकाला करून घाला, कुणी विचारायला येत नाही.

कोंबड्यांचा उपाय, रोपावर करवंदीच्या नाहीतर बोरीच्या काट्या उलट्या टाकून ठेवायच्या. कोंबडी विकून टाका म्हणून सांगू नका हं, आमच्याकडं एका साहेबांनी सांगितलं होतं, त्यानंतर त्यांना कुणी चहा दिला नाही.

शहापूरचा_भातवाला
ताई भट्टीचं एकदम बरोबर बोललात, माझ्या पण ध्यानात आलं नाय. आमच्या शेजारची वाडी दिवाळीनंतर नुसती ओस.

ऐरोलीची_मावशी
विक्रीबद्दल थोडं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गावाहून दर रविवारी भाजी मागवायचो, तीन महिने चाललं आणि बंद पडलं. दोष गावाचा नव्हता हो, आमच्याच बायकांचा. जुलैमध्ये फ्लॉवर नाही का, टोमॅटो एवढे बारीक का, वाशीच्या मार्केटमध्ये स्वस्त आहे, दोडका वाकडा का. गावाकडच्या ताईंनी टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी पाठवली तर निम्म्या जणींना निवडायची कशी माहिती नाही. शेवळं आली तेव्हा एकीनं काकडं (खाज मारायला घालतात ती आंबट फळं) न घालता केली, घरभर सगळ्यांचे घसे खाजले, ती त्या ताईंवरच चिडली. म्हणून सांगते, रानभाजीच्या जुडीबरोबर ती करायची कशी ते तोंडी सांगणारं माणूस पाहिजेच, नाहीतर व्हॉईस मेसेज करून टाका त्या गावच्या बाईच्याच आवाजात, आमच्याकडं तो फार चालला. मी अजून ठेवलाय.

आणि ऑरगॅनिक ऑरगॅनिक म्हणून दुप्पट भाव लावू नका लगेच. सर्टिफिकेट विचारतात लोक. पीजीएस म्हणून गटाचं प्रमाणपत्र असतं, किमान ५ शेतकरी लागतात, त्यात शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, पण त्याला वेळ जातो. तोपर्यंत "गावची भाजी" एवढंच म्हणा.

सही_रे_सही_७२
मावशी तो व्हॉईस मेसेज इथं टाकता येईल का? माझी आई असतानाची शेवळाची आमटी आठवली.

मुरबाडकर_कोपरखैरणे
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर लिहाल वाटलं नव्हतं. काल रात्री आईशी तासभर बोललो, नेहमी ५ मिनिटं बोलतो. भट्टीवर जाणारी घरं मोजली तिनं बोटांवर, ५० पैकी १८. म्हणजे १८ किट मी कुलूप लागलेल्या दारांना दिली होती आणि फोटोत त्या बाया होत्या कारण २६ जानेवारीला झेंड्याला म्हणून दोन दिवस आल्या होत्या. मला हे आत्ता कळतंय, आईला तेव्हाच माहिती होतं. म्हटलं तू बोलली का नाहीस, तर म्हणाली तू विचारलं कुठं, तू माईकवर होतास.

तर असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. दिवाळीत किट बिट काही नाही. भात निघालं की आमच्या दोन खाचरांत वाल टाकणार, ओलीवर येतो तेवढा, आणि शेजारची चार खाचरं त्यांच्याशी बोलून एकत्रच राखणार म्हणजे गुराखी एकच लागेल, पैसे सहा जणांत. ग्रामसभेत होळीपर्यंतचाच विषय मांडणार, वर्षभराचा नाही. भट्टीवाल्या घरांना निघायच्या आधी सुरण, करांदे न शेवग्याच्या फांद्या आता देऊन काही होईल का, की मे महिन्यात ते परत आल्यावरच? ताई हे तुम्ही सांगा. उंदीरमारीच्या फांद्या साहेब कुठून मिळतील, पावसाआधीच लावायच्या ना?

उमेदवाली_ताई
शेवग्याच्या फांद्या आता नको, पाणी कोण घालणार, मेमध्येच. कंद मात्र आता खणायचे दिवस आहेत, ज्यांच्याकडं आहेत त्यांच्याकडून बियाण्यापुरते बाजूला काढून ठेवायला सांगा, कोरड्या जागी मातीत नाहीतर राखेत. पहिल्या पावसाला लावायचे. सगळ्या घरचे मिळून एकाच्या माळ्यावर ठेवा, मात्र उंदीर बघा.

निवृत्त_कृषी_सहाय्यक
उंदीरमारी फांदीपेक्षा बियांपासून केलेली चांगली, मूळ खोल जातं. शेंगा उन्हाळ्यात वाळून तडकतात, त्याआधी रस्त्याकडेच्या झाडांवरून गोळा करा. तालुक्याच्या रोपवाटिकेत पण चौकशी करा.

शहापूरचा_भातवाला
वालाचं गावठी बी पाहिजे तर माझ्याकडं दोन पायली हाय, कडू वाल, बिरड्याला एक नंबर. पैसे नको, पुढच्या वर्षी तेवढंच परत द्या. शनिवारी कल्याणला येतोय, एसटी स्टँडवर १० वाजता या, पिशवी कापडी आणा.

मुरबाडकर_कोपरखैरणे
येतो दादा. मी याच शनिवारी गावी जायचोय, ११ च्या गाडीनं. चहा माझ्याकडून.